घरी कॉफी भाजायचं मशीन घ्यायचंय, पण पेटतंय, बंद पडतंय असं ऐकालोय. वापरणाऱ्यांनी बोला

शाहूपुरी_चौथी_गल्ली
मंडळी, कोल्हापुरात बसून कॉफीवर धागा काढालोय म्हणून हसू नका. बरेच दिवस झालं मी चिकमगळूरहून कच्ची हिरवी बी मागवून घरी गॅसवर लोखंडी कढईत भाजून पितोय. कच्ची बी स्वस्त पडत्या, कोरड्या जागी ठेवली तर सहा महिने सहज टिकत्या, आणि भाजलेली कॉफी तीन-चार आठवड्यांत मवाळ होत्या, त्यामुळं गणित घरच्यांना पटलंय. आता हात दुखाय लागलाय आणि एका बाजूनं करपतंय दुसऱ्या बाजूनं कच्चं राहतंय म्हणून मशीन घ्यायचं मनात हाय. पण मिसेसनं कुठंतरी व्हिडिओ बघितला, मशीनच्या आत जाळ आणि बाहेर माणूस मोबाईल धरून शूटिंग करालाय! तेव्हापासून घरात विषयच बंद. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मागं छोटी गॅलरी हाय. मला एवढंच सांगा, ही मशीनं खरंच पेटतात का, कुठल्या टाईपचं टिकतं, आणि बिघडलं तर कोल्हापुरात उघडणार कोण?

कट_दे_भावा
जाळ अन् धूर संगटच! 😂 भावा कढईच बरी. चुरमुऱ्याच्या भट्टीवाल्याला दे नेऊन, दोन मिनटात भाजून देतंय.

अनघा_ताराबाईपार्क
कट भाऊ, भट्टीतल्या वाळूत कॉफी भाजली तर ग्राइंडरचं पातं गेलंच म्हणून समजा, नाद करू नका 🙂

मी हवेवरचं मशीन वापरते, म्हणजे खालून गरम हवेचा झोत येतो आणि बिया काचेच्या नळीत उडत-फिरत भाजतात. एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅमच होतात पण सात-आठ मिनिटांत काम होतं, रंग डोळ्यांसमोर दिसतो, आणि फोलपटं उडून वरच्या जाळीत जमतात. पेटण्याचं म्हणाल तर सगळा खेळ त्या फोलपटांचा आहे. बीवरचं ते पातळ साल भाजताना सुटतं, कागदापेक्षा हलकं आणि वाळलेलं, त्याला ठिणगी लागायला काही लागत नाही. मी प्रत्येक घाण्याला जाळी काढून झटकते, पूर्ण गार झाल्यावर. नॅचरल प्रोसेसची कॉफी, म्हणजे फळासकट वाळवलेली, तिचं साल फार निघतं. धुतलेली असेल तर कमी.

वाईट बाजू पण सांगते. आवाज मिक्सरसारखा, त्यामुळं बी तडकल्याची तडतड ऐकू येत नाही नीट. आणि संध्याकाळी सातला भाजलं तर वेगळी कॉफी, दुपारी तीनला भाजलं तर वेगळी. आधी मला वाटलं बियाच वेगळ्या आल्या.

निवृत्त_वायरमन
अनघाताई, बी तीच हो, व्होल्टेज वेगळं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं बदलते. २३० ला १३०० वॅट देणारं हीटर २०० व्होल्टवर साधारण ९८० वॅटच देतं, म्हणजे चौथा हिस्सा गेला की. सातला सगळ्यांचे टीव्ही, फॅन, मोटारी चालू, गल्लीच्या टोकाच्या घराला मग काय उरणार. उलट पहाटे २५० दाखवलं तर तेच हीटर अठरा टक्के जास्त तापतं आणि तुम्ही नेहमीच्या मिनिटांवर विसंबून बसला तर कोळसाच. प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, दोन-तीनशे रुपयांत येतो, मशीन घ्यायच्या आधी तो घ्या आणि आठवडाभर वेगवेगळ्या वेळेला बघा.

आता मूळ प्रश्न. मी आयुष्यभर लोकांच्या घरात जळलेले बोर्डच बघितलेत, त्यामुळं माझं मत सरळ आहे, मशीनच्या आधी भिंतीतलं सॉकेट बघा. १३००-१६०० वॅट म्हणजे साडेपाच ते सात अँपिअर, ते पण सलग पंधरा मिनिटं. साधं सहा अँपिअरचं सॉकेट, त्यात ढिली झालेली पिन, त्यात चायना कन्व्हर्टर, त्यातनं एक्स्टेन्शन गॅलरीत! टॉप, म्हणजे प्लग, हाताला गरम लागला की समजायचं आत सुरू झालंय. १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, गीझरला टाकतात तशी जाड वायर, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका. हे नसेल तर कितीही भारीतलं मशीन आणा, मी हात लावणार नाही.

पन्हाळा_रायडर
काका एक विचारायचं होतं. दादा अमेरिकेत हाय, तिकडं ही मशीनं स्वस्त मिळतात, येताना बॅगेतनं घेऊन येतो म्हणालाय. १२० व्होल्टचं हाय. स्टेप डाऊन लावला की झालं ना?

निवृत्त_वायरमन
झालं असं दुकानदार म्हणेल. १६०० वॅटच्या मशीनला २ केव्हीएच्या खालचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, ३ चा असेल तर उत्तम. तो दोन हातानं उचलावा लागतो हे दादाला सांगा. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. तिकडं ६० हर्ट्झ, इथं ५०. ड्रम फिरवणारी मोटर सिंक्रोनस असेल, मायक्रोवेव्हच्या ताटलीखाली असते तसली, तर ती इथं सहाव्या हिश्शानं हळू फिरणार. ड्रम हळू म्हणजे बी तापलेल्या पत्र्याला जास्त वेळ चिकटून राहणार. डीसी मोटर असेल तर फरक नाही. मशीनच्या मागच्या पाटीवर ५०/६० लिहिलंय का तेवढं फोटो काढून मागवा. बऱ्याच कंपन्या युरोपसाठी २३० व्होल्टचं मॉडेल काढतात, थोडे जास्त गेले तरी तेच आणा. आणि एखाद्यानं सरळ २३० मध्ये खुपसलं तर हीटर चौपट ताकद घेतो, मग व्हिडिओ काढायला पण वेळ मिळत नाही.

फिल्टर_कापी
मूळचा गंगावेशीतला, सध्या बेंगळुरात. इकडं घरी भाजणाऱ्यांचा चांगला गोतावळा आहे त्यामुळं बरीच मशीनं जवळून बघितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पेटतं का, तर हो, पेटू शकतं, आणि ते कुठल्या क्षणाला हे कळलं की भीती बरीच कमी होते. कच्च्या बीत दहा-बारा टक्के पाणी असतं. पहिली काही मिनिटं ते पाणी जाण्यातच उष्णता खर्च होते, तेव्हा काही धोका नाही. बी १९५-२०० अंशाच्या आसपास गेली की पहिली तडतड होते, मोठा आवाज, मक्याच्या लाह्यांसारखा. इथून पुढं बी स्वतःच उष्णता सोडायला लागते. म्हणजे तुम्ही हीटर बंद केलं तरी ढीग आतल्या आत तापत राहू शकतो. २२५ च्या पुढं दुसरी तडतड, बारीक आणि भरभर, तेल वर येतं, निळसर धूर येतो. तेल सुटलेली बी, तळाशी फोलपटं आणि वर हवा, या तिघांची गाठ पडली की जाळ. मग ज्याला मध्यम भाजणी आवडते आणि जो पहिली तडतड संपता संपता बी बाहेर काढतो त्याचा धोका आपोआप कमी. दुसऱ्या तडतडीच्या पुढं काळीकुट्ट करणाऱ्यांनी जास्त सावध राहायचं.

आता मशीनमधल्या सेफ्टीबद्दल एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. बेहमोर नावाच्या मशीनमध्ये वेळेचा पाऊण भाग झाला की ते तुम्हाला बटण दाबायला लावतं, नाही दाबलं तर बंद पडतं. कल्पना चांगली, माणूस समोर आहे का याची खात्री. बाकीच्यांत थर्मल फ्यूज असतो, तापमान हाताबाहेर गेलं की करंट तोडतो. पण काही मशीनांत करंट तुटला की ड्रम आणि पंखा पण थांबतो. दोनशे अंशाची बी थांबलेल्या तापल्या ड्रममध्ये पडून राहते. म्हणजे घर वाचवायला बसवलेली वस्तू बीला धुमसायला सोडून देते. म्हणून घेताना विचारायचा प्रश्न असा, की वीज गेल्यावर बी हातानं बाहेर काढता येते का? ज्यात पुढचं झाकण उघडून बी खालच्या ताटात पडते अशी मशीनं या बाबतीत बरी. ज्यात बी त्याच ड्रममध्ये गार होते, उदाहरणार्थ जीन कॅफे नावाचं मशीन, त्यात काचेचं भांडं फिरताना बघायला मजा येते, भाजणी एकसारखी होते, पण लाईट गेली तर ते भांडं सोडवायला जाड हातमोजे हाताशीच पाहिजेत.

अनघा_ताराबाईपार्क
हे अगदी खरं. आमच्या शेजारच्या काकांकडं मी समोर होते तेव्हाच झालं. ड्रमवालं मशीन, पहिली तडतड जोरात चालू आणि फट्कन लाईट गेली. सगळीकडं अंधार आणि मशीन बंद, पण आत तडतड चालूच! थांबेचना. काकांनी काही गडबड केली नाही, आधी मागचा खटका बंद केला, चामड्याचे मोजे घातले, झाकण काढून बी स्टीलच्या परातीत ओतली आणि आम्ही दोघांनी दोन मोठ्या चाळण्यांत आलटून पालटून ओतत गॅलरीत वाऱ्यावर धरली. धूर एवढा की खालच्या मजल्यावरून हाका यायला लागल्या. परातीत काही बियांच्या कडेला लाल ठिपका दिसत होता, उदबत्तीला दिसतो तेवढाच. त्या मोठ्या पळीनं वेगळ्या केल्या. काकू म्हणाल्या आता शिरा करते सगळे बसा.

खटका आधी का बंद केला विचारलं तर म्हणाले लाईट आली की हे आपलं आपण चालू होतं, रिकाम्या ड्रमसकट.

निवृत्त_वायरमन
शंभर टक्के बरोबर केलं. फिरवायच्या टायमरची मशीनं लाईट आल्यावर जिथं होती तिथनं चालू होतात. डिजिटल बटणाची बहुतेक होत नाहीत, पण भरवसा ठेवू नये.

कट_दे_भावा
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी 😄 काका पण मग फिल्टर भाऊ म्हणतात झाकण उघडा आणि मी एका ठिकाणी वाचलं जाळ लागला तर झाकण अजिबात उघडू नका. खरं काय?

फिल्टर_कापी
दोन्ही खरं, प्रसंग वेगळे. लाईट गेलीय, जाळ नाही, नुसता धूर, तर बी लगेच बाहेर काढून पसरायची. आत ज्वाळा दिसतेय तर झाकण बंदच ठेवायचं, प्लग ओढायचा आणि हवा कोंडून विझू द्यायचं. तेव्हा उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि ज्वाळा तुमच्या तोंडावर. बेहमोरच्या पुस्तिकेत हेच लिहिलंय, दार उघडू नका, प्लग काढा. पाणी तर मारायचंच नाही, विजेचं उपकरण आणि तेल दोन्ही आहे. हवेवरच्या मशीनमध्ये ज्वाळा दिसली तर पंखा आधी बंद, नाहीतर भात्यानं फुंकर घातल्यासारखं होतं. घरी एक-दोन किलोचा पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर किंवा फायर ब्लँकेट ठेवा, मशीनच्या मागं नको, दाराकडं. जाळ मशीनपलीकडून येत असेल तर तुम्ही तिथपर्यंत जाणार कसं?

उद्यमनगर_टर्नर
राम राम मंडळी. हे सगळं वाचून मला वाटालंय तुम्ही विकतच्याच मशीनच्या मागं लागलाय. आपल्या उद्यमनगरात काय होत नाही ओ? ज्या गावानं ऑइल इंजिनं बनवली त्या गावात एक ड्रम फिरवायचं मशीन होत नाही व्हय. मी स्वतः दोघाचौघांना करून दिलंय, गॅसवरचं, अर्धा किलोचं, वायपरची बारा व्होल्टची मोटर, बॅटरीवर. लाईट गेली तरी ड्रम फिरतोयच, बघा म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न मिटला. बी काढायला पुढं झडप, खाली जाळीचं ताट, ताटाखाली कॉम्प्युटरचा पंखा. बिघडलं तर मी हायच.

पण काही गोष्टी सांगतो कारण लोक स्वस्तात करायला जातात. ड्रम एसएस ३०४ चाच. बाजारात २०२ गळ्यात मारतात आणि लोक लोहचुंबक लावून बघतात, अरे दोन्हीला चुंबक लागत नाही! टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकूनच कळतंय. जोड आर्गन वेल्डिंगचा. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा, ज्वाळेजवळ अजिबात नको, त्याचा धूर छातीत जातोय. रंगवलेला डबा पण नको. आणि गॅस असेल तर फ्लेम फेल्युअर सेफ्टी पाहिजेच, वाऱ्यानं बर्नर विझला तर गॅस आपोआप बंद करणारी. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतोय, गॅलरीत कठडा बंद असेल तर पायाशी तळं होतंय गॅसचं आणि वास यायला उशीर लागतोय.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
दादा वायपरच्या मोटरीची आयडिया लई आवडली. पण गॅस गॅलरीत घरचे लावू देणार नाहीत. इलेक्ट्रिक करून देता का, टेंपरेचर कंट्रोलरसकट?

उद्यमनगर_टर्नर
देतो की. पीआयडी कंट्रोलर, म्हणजे ठरवलेलं तापमान धरून ठेवणारा, के टाईप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आणि एसएसआर, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, तीन वस्तूत काम होतंय.

निवृत्त_वायरमन
टर्नरसाहेब, इथं जरा थांबतो. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा तो शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे चालूच राहतो. कंट्रोलर दाखवतोय आउटपुट बंद, एसएसआरवरचा लाल दिवा बंद आणि हीटरची कॉइल मात्र लालभडक. त्यात बाजारात ४० अँपिअर छापलेले बनावट ढीगभर आहेत, आत दहा-पंधराचा माल. त्यामुळं एसएसआरच्या भरवशावर सेफ्टी सोडू नका. त्याच्या आधी वेगळा थर्मल कटऑफ जो थेट हीटरची लाईन तोडेल, ड्रमची नाही. आणि हाताशी डबल पोल खटका, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. एसएसआरला जाड ॲल्युमिनियमचा हीटसिंक.

उद्यमनगर_टर्नर
काका मान्य. पण थर्मल फ्यूजची कटकट असत्या, एक गिऱ्हाईक आलंतं, चायना मशीन, फ्यूज सारखा उडतोय, वैतागून म्हणतंय डायरेक्ट करून टाका. गावातल्या एकानं करून पण दिलंतं आधी.

निवृत्त_वायरमन
डायरेक्ट करून देणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणजे तो सांगतोय की हवा अडलीय. फोलपटानं जाळी भरलीय, पंख्याचं बुश गेलंय, नाहीतर आधीच्या कारागिरानं कमी डिग्रीचा बसवलाय. आणि फ्यूज सोल्डर करून बसवला तर बसवतानाच उडतो, सोल्डरिंगच्या उष्णतेनं. क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, बसवायचा, त्यावर छापलेली डिग्री तीच पाहिजे. पॉपकॉर्न मशीनमध्ये कॉफी भाजणारे लोक थर्मोस्टॅट काढून टाकतात ते पण असंच. ती मशीनं मक्यासाठी तीन-चार मिनिटं चालायला बनवलेली, तुम्ही त्यात दहा मिनिटं कॉफी भाजणार आणि सेफ्टी पण काढणार.

उद्यमनगर_टर्नर
व्हय, त्या गिऱ्हाइकाचं पण पंख्यातच निघालं. पात्यांना फोलपटं आणि तेलाचा चिकटा बसून काळं मेण झालंतं, बोटानं फिरवला तर फिरंना. साफ केला, फ्यूज टाकला, गेलंय घेऊन.

पन्हाळा_रायडर
किचनच्या चिमणीखाली ठेवून भाजलं तर चालतं का? धूर जाईल की वरनं.

अनघा_ताराबाईपार्क
नको रे बाबा. चिमणीच्या जाळीला फोडणीचं तेल चिकटलेलं असतं आणि त्यावर गरम फोलपट जाऊन बसलं तर? खिडकीजवळ ठेव, ॲल्युमिनियमची लवचिक नळी बाहेर काढ. आणि पावसाळ्यात सगळी दारं-खिडक्या लावून भाजू नका, कॉफी भाजताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो, ताज्या भाजलेल्या बीतून पण नंतर काही काळ सुटतच राहतो. डोकं जड झालं की लोकांना वाटतं कॉफी चढली. काचेच्या बरणीत गरम गरम भरून घट्ट झाकण पण लावू नका, गॅस साठतो.

अजून एक, घरात पक्षी आहेत का कुणाच्या? आमच्याकडं लव्हबर्ड्स आहेत. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की जो धूर येतो तो आपल्याला जाणवत पण नाही पण पक्षी मरतात. त्यामुळं नॉनस्टिक कढईत किंवा नॉनस्टिक लेप असलेल्या ड्रममध्ये अजिबात भाजू नका.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
आमच्या मातोश्रींचा पोपट हाय! बरं झालं सांगितलंत ताई.

मग फिल्टर भाऊ, टिकाऊपणाचं काय? पाच वर्षं चालंल का?

फिल्टर_कापी
मी बघितलंय त्यात हवेवरच्या मशीनचं हीटर किंवा पंख्याची मोटर जाते, ड्रमवाल्याचं बुश-बेअरिंग आणि सेन्सर. बाकी सांगाडा जात नाही. लोक घाणे एकापाठोपाठ एक मारतात, मधे गार होऊ देत नाहीत, तिथं आयुष्य संपतं. आणि पुस्तिकेत ३०० ग्रॅम लिहिलंय म्हणजे ती कमाल मर्यादा. २२५-२५० टाका, मशीनला आणि तुम्हाला दोघांना आराम. मॉन्सून्ड मलबार असेल तर अजून कमी, ती बी फुगलेली आणि हलकी असते, वजनाला तेवढीच पण ड्रम गच्च भरतो. इंडक्शनवरची किलोभराची मशीनं उत्तम आहेत पण त्याच्या किमतीत चांगली बाईक येते.

माझ्या मते टिकण्यापेक्षा दुरुस्तीचं बघा. परदेशी मशीनचं कंट्रोल बोर्ड गेलं तर पार्ट यायला महिनाभर आणि वर कस्टम ड्युटी. मोटर, बेअरिंग, थर्मल फ्यूज, थर्मोकपल या चार वस्तू बाजारात मिळणाऱ्या साइजच्या आहेत का एवढं घेण्याआधी विचारा. विकणारा सांगू शकला नाही तर तिथंच कळलं.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
ठरलं मग. २३० व्होल्टचं ड्रमवालं, पुढं झडप उघडून बी ताटात पडणारं, ३०० ग्रॅमवालं बघतो. आधी गॅलरीत १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतो, काकांनी सांगितल्याप्रमाणं आरसीसीबी पण. टर्नर दादा, मशीन आलं की ड्रमच्या मोटरीला बॅटरीची सोय करून द्याल का, मूळ वायरिंगला हात न लावता? आणि तुमचा पत्ता?

उद्यमनगर_टर्नर
वॉरंटी संपेपर्यंत आत हात घालायचा नाही. ड्रमच्या शाफ्टला बाहेरनं हँडल बसवून देतो, लाईट गेली की हातानं फिरवायचं आणि झडप उघडायची. शाफ्टचं टोक बाहेर येतंय का तेवढा फोटो पाठवा. पत्ता मेसेजमधे देतो, इथं नको.

पन्हाळा_रायडर
दादाला मेसेज केला, पाटीवर नुसतं ६० हर्ट्झ लिहिलंय. कॅन्सल करायला सांगितलं. तो म्हणतोय मग चॉकलेटं आणू का 😭

कट_दे_भावा
ते सगळं राहू दे, फोलपटांचं काय करता? टाकून देता?

अनघा_ताराबाईपार्क
पूर्ण गार झाल्यावर कंपोस्टमधे. नुसतं कुंडीवर पसरू नका, पाणी घातलं की त्याचा थर बसतो आणि खाली ओल जात नाही. आणि रात्रभर पत्र्याच्या डब्यात ठेवूनच सकाळी कंपोस्टच्या बादलीत, ती बादली प्लास्टिकची असते.

निवृत्त_वायरमन
डबा झाकणाचा घ्या.